तीन गुणांचा फरक

एप्रिल २०२४ पासून आमच्या मेडिकलमध्ये एक नवा प्रश्न यायला लागला. "ताई, ते शुगरचं इंजेक्शन पार्किन्सन्सवर चालतं म्हणे. तुमच्याकडे असतं का?" विचारणारे बहुतेक ओळखीचेच. नौपाड्यात गोखले रोडच्या आतल्या गल्लीत आमचं दुकान आहे, सासऱ्यांच्या वेळेपासूनचं. या जुन्या ठाण्यात आता साठीपुढची माणसं इतकी झालीत की कोणाच्या घरात कोणती गोळी चालू आहे, हे चेहऱ्यावरूनच कळतं. पार्किन्सन्सवाले चिठ्ठी पुढे करता करताच "एकशे दहाच्या तीन पट्ट्या" म्हणून मोकळे होतात. एकशे दहा ही पार्किन्सन्सची मुख्य गोळी, म्हणजे लेव्होडोपा शंभर मिलिग्रॅम आणि कार्बिडोपा दहा. आजार पुढे सरकला की एकशे दहाची एकशे पंचवीस होते, दिवसातल्या तीन वेळांच्या चार होतात, चारच्या पाच. काउंटरच्या अलीकडून हे दिसत राहतं. त्यावर बोलायचं मात्र नसतं.

प्रश्न आला होता तो फ्रान्समधल्या एका चाचणीच्या बातमीतून. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये ती छापून आली होती. लिक्सिसेनाटाइड नावाचं मधुमेहाचं इंजेक्शन, पार्किन्सन्सची सुरुवात असलेले १५६ रुग्ण, एक वर्ष. निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं इंजेक्शन. वर्षाअखेरीस औषध न मिळालेल्यांच्या हालचालींचा गुणांक साधारण तीन गुणांनी बिघडला होता आणि औषध मिळालेले जिथल्या तिथे होते. या मोजमापात जितके गुण जास्त तितका त्रास जास्त, आणि कमाल १३२ गुण. त्यातल्या तीन गुणांचा हा फरक होता.

तीन गुण म्हणजे किती, हे मला घरातून माहीत आहे. माझ्या बाबांना दोन्ही आजार आहेत, मधुमेह आधीचा आणि पार्किन्सन्स नंतरचा. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, संगणकावर ड्रॉइंग काढायला लागण्याच्या आधीच्या पिढीतले. ट्रेसिंग पेपर, टी-स्क्वेअर, रोटरिंग पेन. त्यांचं लेटरिंग साच्यातून काढल्यासारखं यायचं. आमच्या शाळेच्या वह्यांवरची नावंसुद्धा ते तसंच घालून द्यायचे. त्यांच्या आजाराची पहिली खूण आम्हाला दिसली ती वाण्याच्या यादीत. वरची 'तूरडाळ २ किलो' ही ओळ नेहमीसारखी, आणि तळाशी पोचेपर्यंत 'हिंग' हा शब्द भिंग लावून वाचावा इतका बारीक. हात तेव्हा थरथरतही नव्हता. त्याच्या कितीतरी आधीपासून आई म्हणत होती, "फोडणी करपली तरी यांना वास येत नाही." बद्धकोष्ठ होतं, झोपेत हातपाय झाडणं होतं. त्यातलं प्रत्येक लक्षण आम्ही वयाच्या खात्यावर टाकलं, बहुतेक घरं टाकतात तसं. हालचालीत काही दिसायला लागेपर्यंत मेंदूतल्या सब्स्टॅन्शिया नायग्रा या भागातल्या, हालचालींना लागणारं डोपामिन हे रसायन बनवणाऱ्या पेशींपैकी निम्म्याच्या आसपास, किंवा त्याहूनही जास्त, गेलेल्या असतात.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचं वर्णन लिहिलं. त्यावर खऱ्या अर्थाने काम करणारं औषध यायला दीडशे वर्षं लागली. १९६७ मध्ये जॉर्ज कोट्झियास यांनी लेव्होडोपा, म्हणजे मेंदूत जाऊन डोपामिन बनणारं औषध, मोठ्या मात्रेत, हळूहळू वाढवत देऊन दाखवलं आणि अंथरुणाला खिळलेली माणसं चालायला लागली. त्याच्या तीस वर्षं आधी, १९३७ मध्ये, दामोदरन आणि रामस्वामी या आपल्या दोन संशोधकांनी खाजकुइलीच्या बियांतून हेच लेव्होडोपा वेगळं काढलेलं होतं. (म्हणूनच कवचबीजाचं, म्हणजे या खाजकुइलीच्या बियांचं, चूर्ण मागायला येणाऱ्यांना मी हसत नाही. त्यात औषध आहेच. पण कोणत्या चमच्यात किती आहे ते कोणालाच सांगता येत नाही, आणि वरून गोळ्याही चालू असतात, म्हणून ते डॉक्टरांना न सांगता घेऊ नका एवढं मात्र कळकळीने सांगते.)

कोट्झियासनंतरही बरंच आलं. वेगवेगळ्या गोळ्या आल्या, मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याची शस्त्रक्रिया आली. पण लक्षणांवर लेव्होडोपाहून सरस असं काही नाही, आणि पेशींचं मरणं थांबवणारं तर काहीच नाही. गोळीने दिवस सुसह्य होतो, आजार आपल्या वेगाने पुढे जातच राहतो. हे एकदा नीट कळलं की 'आजार जिथल्या तिथे राहिला' या चार शब्दांची भूक समजते. तीन गुणांसाठी लोक दुकानाची पायरी का चढतात, तेही समजतं.

आता मधुमेहाच्या औषधाचा मेंदूशी संबंध काय? जेवल्यावर आपल्या आतड्यांतून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक रक्तात उतरतं आणि स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला सांगतं. ते टिकतं जेमतेम दोन-तीन मिनिटं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये, ब्राँक्सच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात काम करणाऱ्या जॉन एंग यांना गिला मॉन्स्टर या वाळवंटी, विषारी सरड्याच्या विषात त्याच्यासारखाच एक पदार्थ सापडला, आणि तो कितीतरी जास्त वेळ टिकणारा होता. त्यावरून एक्सेनाटाइड बनलं, २००५ मध्ये अमेरिकेत मधुमेहासाठी मंजूर झालं, आणि आज गावभर ज्यांची चर्चा आहे ती सगळी इंजेक्शनं त्याच घराण्यातली. पुढे लक्षात आलं की या संप्रेरकाला ओळखून धरणारे रेणू, म्हणजे रिसेप्टर, मेंदूतल्या पेशींवरही असतात. उंदरांमध्ये या औषधाने डोपामिनच्या पेशी वाचताना दिसल्या. मेंदूलाही इन्शुलिनचा संदेश लागतो, तो नीट पोचला नाही की पेशींच्या ऊर्जेवर परिणाम होतो आणि दाह वाढतो, असं चित्र हळूहळू उभं राहिलं. टाइप २ मधुमेह असलेल्यांना पार्किन्सन्सचा धोका इतरांपेक्षा काहीसा जास्त असतो, हेही त्यात बसत होतं. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या एक लाखाहून अधिक मधुमेहींच्या नोंदी तपासल्या, तर जीएलपी-१ घराण्यातली औषधं घेणाऱ्यांमध्ये पार्किन्सन्सचं प्रमाण बरंच कमी निघालं.

हे सगळं मी बाबांना समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "मी इतकी वर्षं मेटफॉर्मिन खातोय. मग मला कसा झाला?"

रास्त प्रश्न. आणि उत्तर असं की 'मधुमेहाची औषधं' ही एक वस्तू नाहीच. साखर खाली आणणं हा त्यांचा समान गुण, पण वाटा निरनिराळ्या. मेटफॉर्मिनबद्दलचे अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत. पायोग्लिटाझोनकडूनही एकेकाळी मोठी अपेक्षा होती. २०१५ मध्ये २१० रुग्णांवरच्या चाचणीत काहीही फायदा दिसला नाही. बाबांनी ऐकून घेतलं. पुढे म्हणाले, "म्हणजे ते सरड्याचंच बघायचं."

सरड्याच्या औषधाची गोष्ट लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधली. टॉम फॉल्टिनी आणि त्यांचे सहकारी तिच्यामागे दहा वर्षांहून जास्त काळ लागलेले होते. पहिला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्ण ४५, आणि कोणाला एक्सेनाटाइड मिळतंय हे रुग्णांना माहीत. निकाल उत्साहाचा. मग २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दुसरी चाचणी आली, ६२ रुग्णांची, आणि या वेळी रुग्णालाही ठाऊक नाही नि तपासणाऱ्यालाही नाही. आठवड्याला एक इंजेक्शन, ४८ आठवडे, नंतर १२ आठवडे औषध पूर्ण बंद ठेवून मोजमाप. फरक साडेतीन गुणांचा, आणि तो औषध बंद केल्यावरही टिकलेला. त्या बातमीचं कात्रण बाबांच्या फायलीत आहे. त्यांनी त्याखाली पेन्सिलीने एक रेघ मारली आहे. ती सरळ नाही.

त्यानंतरची तिसरी चाचणी मोठी होती. ब्रिटनमधली सहा रुग्णालयं, १९४ रुग्ण, ९६ आठवडे. म्हणजे जवळजवळ दोन वर्षं दर आठवड्याला स्वतःला सुई टोचायची, आणि त्या सुईत काय आहे हे माहीत नसताना टोचायची. फेब्रुवारी २०२५ मध्ये निकाल आला. एक्सेनाटाइड घेणाऱ्यांचा गुणांक ५.७ ने बिघडला होता, न घेणाऱ्यांचा ४.५ ने. फायदा नाही. त्याआधी २०२४ मध्ये एक्सेनाटाइडच्याच एका टिकाऊ रूपाची २५५ रुग्णांवरची चाचणीही रिकामी गेली होती. आणि ज्या लिक्सिसेनाटाइडने आशा दाखवली, ते कंपनीने २०२३ मध्येच अमेरिकेच्या बाजारातून काढून घेतलेलं.

एका घराण्यातलं एक औषध पास, दुसरं नापास, असं का व्हावं? प्रत्येक रेणू मेंदूत सारखाच शिरतो असं नाही. फ्रेंच चाचणीतले रुग्ण निदान होऊन तीन वर्षांच्या आतले होते, म्हणजे त्यांच्या मेंदूत वाचवण्याजोगं अजून बरंच शिल्लक असावं. आणि एक वर्षाची चाचणी जे दाखवते ते दोन वर्षांनी टिकेलच असं नाही. तिन्ही कारणं खरी असू शकतात.

या सगळ्यात जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती मात्र औषधाबद्दलची नाही. पार्किन्सन्समध्ये आशा ही नुसती मनाची अवस्था नसते. २००१ मध्ये व्हँकुव्हरच्या संशोधकांनी 'सायन्स'मध्ये एक अभ्यास छापला. रुग्णांना औषध म्हणून साधं सलाइन टोचलं आणि पेट स्कॅनवर त्यांचा मेंदू पाहिला, तर मेंदूने स्वतःचं डोपामिन सोडलेलं दिसलं. जे रसायन या आजारात कमी पडतं तेच, नुसत्या अपेक्षेने. २०१५ मधला दुसरा अभ्यास तर औषधविक्रेतीने भिंतीवर लावून ठेवावा असा आहे. बारा रुग्णांना दोनदा सलाइनच टोचलं. एकदा सांगितलं, हे औषध डोसाला शंभर डॉलरचं. एकदा सांगितलं, हे दीड हजार डॉलरचं. 'महाग' सलाइनने हालचाल जास्त सुधारली.

ही सुधारणा खोटी नव्हती. त्या माणसांचे हात खरोखर सैल झाले. म्हणून कोणी मला म्हणालं, "अमुकच्या वडिलांनी ते इंजेक्शन घेतलं आणि महिन्यात फरक पडला," तर मी त्यांना खोटं पाडत नाही. फरक पडला असेल. पण तो इंजेक्शनाने पडला की इंजेक्शन मिळालं या विश्वासाने, हे त्या घराला कधीच कळू शकत नाही. इतर कितीतरी आजारांत आशा आणि औषध वेगळं काढणं त्यामानाने सोपं. इथे दोन्ही एकाच नळाने येतात. म्हणून २०१३ च्या चाचणीतला उत्साह पुरेसा नव्हता, म्हणूनच त्या १९४ जणांना दोन वर्षं अंधारात राहावं लागलं. त्यांनी जे केलं त्याला मी दान म्हणते, आणि हा शब्द मी जपून वापरते. त्यातल्या निम्म्यांनी औषध नसलेली सुई दर आठवड्याला टोचून घेतली. त्यांच्यामुळे आज ठाण्यातल्या माझ्या काउंटरवर मी कोणाला तरी नाही म्हणू शकते आणि त्या 'नाही'ला आधार असतो.

तो आधार एका काकूंच्या वेळी लागला. पाचपाखाडीत राहतात, पोळ्यांची कामं करतात, नवऱ्याला पार्किन्सन्स. २०२५ चा पावसाळा होता. माउंजारो मार्चमध्ये भारतात आलं होतं, जूनमध्ये वेगोवी आलं, आणि सगळीकडे वजनाच्या इंजेक्शनांचीच चर्चा होती. काकू छत्री मिटून आत आल्या, मोबाइल पुढे केला. फॉरवर्ड होता, त्यात फ्रेंच चाचणीची बातमी आणि खाली या नव्या इंजेक्शनांची नावं जोडलेली. "कितीला पडेल ते सांगा. एक बांगडी मोडली तरी हरकत नाही, ह्यांचं चालणं राहिलं पाहिजे."

गर्दी होती तरी त्यांना स्टुलावर बसवलं. सांगितलं, की बातमीतलं औषध वेगळं आहे, ही नावं त्याला कोणीतरी चिकटवली आहेत. की तसल्याच दुसऱ्या औषधाची मोठी चाचणी झाली आणि त्याने काही थांबलं नाही. आणि काकांना ते देण्यात धोका काय आहे तेही सांगितलं, कारण तो कोणी सांगत नाही. फ्रेंच चाचणीत औषध घेणाऱ्यांपैकी ४६ टक्क्यांना मळमळ झाली, १३ टक्क्यांना उलट्या. लेव्होडोपाने आधीच अनेकांना मळमळतं. ही इंजेक्शनं पोट रिकामं व्हायचा वेग कमी करतात, आणि लेव्होडोपा तर पोटातून पुढे लहान आतड्यात सरकल्याशिवाय रक्तात शिरत नाही. गोळी पोटातच रेंगाळली तर माणूस तेवढा वेळ खुर्चीत अडकून बसतो. भूक मरते, वजन उतरतं. ज्या आजारात माणसं तशीही वाळत जातात, त्यात वजन उतरवणारं औषध उगाच कोणी घ्यावं? काकूंनी सगळं ऐकलं. "मग करू काय?" म्हणाल्या. गोळी आणि जेवण यांत किती अंतर ठेवता, ते विचारलं. ठेवत नव्हत्या, वरणभात झाला की लगेच गोळी. डाळ-दुधातली प्रथिनं आणि लेव्होडोपा शरीरात शिरायला एकाच दारातून जातात, त्यामुळे गोळी मागे राहते. जेवणाआधी अर्धा तास द्या, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना हे विचारून पक्कं करून घ्या, असं त्यांच्या चिठ्ठीच्या मागे मोठ्या अक्षरात लिहून दिलं. फिजिओथेरपी कुठे होते ते लिहिलं. पुढच्या महिन्यात गोळ्या न्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, सकाळचं बरं जातंय, दुपारचं अजून अडतं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सेमाग्लुटाइडच्या, म्हणजे वेगोवीत असतं त्याच औषधाच्या, गोळ्यांची अल्झायमरवरची मोठी चाचणीही अपयशी ठरल्याचं कंपनीने जाहीर केलं. सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट मार्च २०२६ पर्यंतचंच. औषध स्वस्त होत जाईल तसं हाताशी येईल आणि प्रश्न वाढतील. मधुमेहासाठी ते स्वस्त व्हायलाच हवं, देशात दहा कोटींहून जास्त मधुमेही आहेत. पण स्वस्त आहे, मिळतंय, घेऊन बघू, ही वाट मेंदूच्या आजाराकडे वळू नये असं मनापासून वाटतं.

बाबांना एक्सेनाटाइडचा फेब्रुवारी २०२५ मधला निकाल मी लगेच सांगितला नव्हता. विष्णुनगरच्या घरी गेले तेव्हा ते जमिनीवर पट्ट्या चिकटवत होते. दाराच्या उंबऱ्याशी आणि बाथरूमच्या वळणावर त्यांचे पाय जमिनीला खिळतात, पुढचं पाऊल पडतच नाही. फिजिओथेरपिस्टने सांगितलं होतं की डोळ्यांसमोर आडव्या रेघा असल्या की मेंदूला दुसऱ्या वाटेने पाऊल टाकता येतं. कोणी दुसऱ्याने अंदाजाने चिकटवल्या असत्या. बाबांनी आईला त्यांचं पाऊल मोजायला लावलं, स्टीलची पट्टी घेतली, पेन्सिलीने खुणा केल्या आणि पिवळी टेप काटकोनात लावत सुटले. हात थरथरत होता, म्हणून टेपचं एक टोक आई धरत होती. शेवटची पट्टी थोडी तिरकी गेली तर ती उपटून पुन्हा लावली. त्या रेघांवरून ते आजही उंबरा ओलांडतात. कचराळी तलावाला फेरी मारायला जाताना काठीच्या टोकाकडे बघत चालतात, तिथे रेघा नाहीत म्हणून.

टेप संपल्यावर मी सांगितलं, की मोठ्या चाचणीत काही निघालं नाही. ते बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "त्या लोकांना शेवटी सांगितलं का, कोणाच्या सुईत काय होतं?" मी म्हटलं, बघून सांगते. पुढचा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. "आपल्याकडे अशी चाचणी निघाली तर मला घेतील का?"

घेणार नाहीत. लंडनच्या चाचण्यांमध्ये आणि फ्रान्सच्याही, मधुमेह असलेल्यांना घेतलंच नव्हतं. कारण समजण्यासारखं आहे: साखरेवर होणारा परिणाम आणि मेंदूवर होणारा परिणाम एकमेकांत मिसळले तर उत्तर गढूळ होतं. पण त्याचा अर्थ असा, की ज्यांच्यावरून ही सगळी आशा सुरू झाली ते, म्हणजे मधुमेह आणि पार्किन्सन्स दोन्ही असलेले लोक, या उत्तरात नाहीत. आणि आपल्या देशात, आपल्या गल्लीत, तेच मोठ्या संख्येने आहेत. माझ्या दुकानातल्या कितीतरी चिठ्ठ्यांवर वरच्या ओळीत मेटफॉर्मिन आणि खालच्या ओळीत लेव्होडोपा असतं, आणि बऱ्याचदा ती दोन वेगळ्या डॉक्टरांची दोन वेगळी अक्षरं असतात. या माणसांचा अभ्यास इथे, आपल्याकडे व्हायला हवा. त्यांची साखर नीट ठेवली तर चालणं किती टिकतं, मधुमेहाचं कोणतं औषध त्यांच्या मेंदूला सोसतं, कोणतं लेव्होडोपाच्या आड येतं, ही उत्तरं बाहेरून येणार नाहीत.

आपल्याकडच्या चाचण्यांची सरकारी नोंदवही, सीटीआरआय, २००७ पासून आहे आणि कोणालाही उघडून बघता येते. ती कशी वाचायची ते बाबांना दाखवलं. आता ते अधूनमधून बघतात. कोणाला घेणार आणि कोणाला नाही, या रकान्यावर आधी जातात, मग फायलीत लिहून ठेवतात. अक्षर आता फार बारीक झालंय, म्हणून त्यांनी आईला आडव्या रेघांची जाड वही आणायला सांगितली आहे, मोठ्या ओळींची, बालवाडीतल्या मुलांना देतात तशी. त्यांच्या न्यूरोलॉजिस्टचा आणि मधुमेहाच्या डॉक्टरांचा नंबर त्या वहीच्या पहिल्या पानावर एकाखाली एक आहे, आणि त्याखाली पुढच्या भेटीत दोघांनाही विचारायचा एकच प्रश्न: "तुम्ही एकमेकांशी बोललात का?"